बालगृहात मुक्काम की बाहेर खोली?

पुण्याहून काठमांडूच्या बालगृहात स्वयंसेवक म्हणून जाताना भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि लिपीही देवनागरीच असते. अडते ते राहण्याच्या निवडीपाशी. मी पहिले दोन महिने बालगृहातच राहिले आणि पुढचे चार महिने जवळच्या एका कुटुंबाकडे खोली घेऊन.

बालगृहात राहिल्याने भाषा लवकर अंगवळणी पडते. शाळेपूर्वी, सकाळीच, मुलांच्या पंगतीत डाळभात जेवताना ‘पुग्यो’ म्हणजे ‘पुरे’ हा शब्द मला ताटावर हात आडवा धरणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीने शिकवला. खर्चही कमी होतो. मात्र रात्री कोणी रडत उठले की सर्वांआधी माझे दार वाजे, आणि मुले मला इतकी बिलगली की माझ्या परतीचा विचार मलाच छळू लागला. ज्यांनी आधीच आपली माणसे गमावली आहेत, त्यांच्यापासून चोवीस तासांची ताई अचानक दूर होणे हा त्यांच्यावर दुसरा आघात असतो, असे मला मनापासून वाटते.

बाहेरच्या खोलीत भाडे पडते आणि सुरुवातीला एकटेपणाही जाणवतो. परंतु ठरलेल्या वेळी येणारी व जाणारी ताई मुलांना समजते. कोथरूडला आईच्या घड्याळात नऊ वाजले की माझ्याकडे सव्वानऊ झालेले असत. तेव्हा दार लावून तिच्याशी निवांत बोलता येई.

सहा महिन्यांहून कमी काळासाठी जाणाऱ्यांना मी बाहेरची खोलीच सुचवीन.