मालवण बाजारपेठेतलं कोकणी मेव्याचं दुकान: माल चांगला, बांधणी त्याहून चांगली

काजू, कोकम, खाजं (बेसनाच्या कांड्यांना गुळाचा पाक लावलेला खाऊ), मसाला हे मालवणात पाच पावलांवर मिळतं आणि भावातही फार फरक नसतो. या दुकानात जावं ते परतीच्या बांधाबांधीसाठी. नवरा-बायको दोघंच असाल आणि रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेसनं कुडाळहून निघणार असाल, तर आधी तेवढं सांगून टाका. कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. कपड्यांच्या बॅगा धरून चारच्या वर नग झाले की एक जण डब्यात, दुसरा फलाटावर आणि सामान दोघांच्या मध्ये अशी गत होते. इथले लोक सगळी खरेदी दोन नगांत बसवतात: आंब्याचा खोका आणि बाकीची एक उभी पिशवी.

आंबा कडक, हिरवट आणि देठासकट निवडून देतात. देठ मोडला की चीक सालीवर ओघळून काळे चट्टे पडतात आणि फळ तिथूनच नासतं. लाकडी पेटी पाच डझनांची. दोघांनी उचलायला ती अवजड. दोन डझनांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. पेंढा तळाला, मधे आणि वर नीट घालतात, पण शेवटी टेप मारताना हवेची भोकंच बुजवतात. आत ऊब कोंडते आणि मधले आंबे घरी पोचेपर्यंत मऊ पडतात. टेप भोकांपासून लांब मारायला सांगा, नाहीतर दोरीच बांधून घ्या. घरी पोचल्यावर खोका लगेच उघडून आंबे एका थरात पसरा. कच्चे असताना फ्रिज नको. आणि साका, म्हणजे गरात आतल्या आत पडणारा पांढरट, स्पंजासारखा डाग, बाहेरून कळत नाही. ‘एकही खराब निघणार नाही’ ही हमी फार मनावर घेऊ नका.

आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटलीची बांधणी बघण्यासारखी. गळ्यापाशी दोन बोटं जागा सोडलेली, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, वरून टेप, मग बाटली वेगळ्या पिशवीत. मीठ भरपूर असल्यानं आगळ फसफसत नाही. पातळ, कमी साखरेचं सरबत मात्र उन्हाळ्यात फुगतं, ते प्रवासासाठी नकोच. बाटली उभीच ठेवा आणि कपड्यांत मुळीच नको. कोकमाचा डाग निघत नाही.

सुक्या मासळीला व्हॅक्यूम पॅकिंग मिळतं. सोड्यांना (सुकवलेल्या कोलंबीला) ते छान, कारण ते सोललेले. सुकटीची, म्हणजे न सोललेल्या बारीक सुक्या कोलंबीची, टोकं मात्र पिशवीला भोकं पाडतात, आणि मग एसी डब्यात रात्रभर सगळ्यांच्या माना तुमच्याकडे. सुकट कागदात गुंडाळून दुहेरी पिशवीत आणि वर घट्ट झाकणाच्या डब्यात घ्या. डबा घरून आणलेला असला तर तेही भरून देतात.

खाजं सर्वांत वर. गुळाचा पाक दमट हवेत सुटतो, वर वजन आलं की सगळ्याचा एकच गोळा.

स्लीपर आणि थ्री टायरला माणशी 40 किलो सामान चालतं, त्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही, प्रश्न हातांचा. एकानं आधी चढून दारात उभं राहावं, दुसऱ्यानं खालून बॅगा, मग खोका आणि शेवटी बाटल्यांची पिशवी द्यावी.

पाचपैकी चार तारे, एक त्या टेपसाठी कापला. दुपारी दुकान बंद असतं आणि कुडाळला पोचायला तासभर धरावा लागतो. म्हणून निवडानिवड सकाळीच उरका, बांधलेला माल संध्याकाळी जाताना उचला.