झुरिचच्या पॅरा-सायकलिंग वर्ल्ड्स, रस्त्याकडेला उभं राहून बघितलेल्या

सप्टेंबर २०२४ ला झुरिचमध्ये रोड सायकलिंग वर्ल्ड्स म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या, पुरुषांची रोड रेस जिंकणाऱ्या पोगाचारबद्दल सगळ्यांचं लिहून झालंय, मला पॅरा, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या, रेसेसबद्दल सांगायचंय. आदल्या वर्षी वर्ल्ड्स ग्लासगोला होत्या पण पॅराच्या रोड रेसेस लांब डम्फ्रीजकडे ठेवलेल्या, इथे मात्र सगळ्यांना एकच फिनिश, तळ्याकाठी झेक्सेलॉयटनप्लाट्झ या चौकात, भर शहरात, आणि रस्त्याकडेला उभं राहायला तिकीट नाही. हे मला प्रचंड आवडलं.

बघायला सगळ्यात भारी हॅन्डसायकल! यात अपंगत्वानुसार एच१ ते एच५ असे गट असतात, एच१ ते एच४ वाले पाठीवर रेलून हाताने क्रँक फिरवतात, एच५ वाले गुडघ्यांवर बसून अख्ख्या धडाचा जोर लावतात, दोन्ही हात एकदमच फिरतात, आपल्या पेडलसारखे आलटून पालटून नाही, आणि गिअर, ब्रेक, वळवणं सगळं त्याच हातांनी. चढावर त्यांचे खांदे बघा, बाकी काही सांगायची गरज नाही. गाडी इतकी खाली असते की मागे उभे राहिलात तर काहीच दिसणार नाही, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरा. तीनचाकीवाले वळणावर अंग आतल्या बाजूला पार बाहेर काढतात, नाहीतर आतलं चाक उचललं जातं. टँडमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर, पुढे डोळस पायलट, मागे दृष्टिहीन रायडर, आणि उतारावर त्यांचा स्पीड बघून खरंच घाबरायला होतं.

एकच अडचण म्हणजे गट खूप, थोड्या थोड्या वेळाने सोडतात आणि रस्ता एकच, त्यामुळे समोरून जाणारा पहिला आहे का मागच्या गटातला हे नवीन माणसाला कळतच नाही, स्टार्ट लिस्ट मोबाईलवर उघडी ठेवाच.

आपल्याकडे अजून हे फार कोणी बघत नाही, पण भंडाऱ्याची ज्योती गडेरिया आणि आंध्रचा अर्शद शेख त्याच महिन्यात पॅरिस पॅरालिम्पिकला सायकलिंगमध्ये उतरले होते, तेव्हा लहान मुलांना आवर्जून दाखवा.

२०२५ ला परत वेगळं केलं, पॅरा बेल्जियमच्या रॉन्सेला आणि बाकीच्या वर्ल्ड्स रवांडाच्या किगालीला, याचं वाईट वाटलं. एकत्रच हव्यात. झुरिचला माझ्याकडून पाचपैकी पाच.