विकिपीडियाचा पुस्तक-निकष: ख्रिस्ती कादंबरीमालेच्या कसोटीवर

पुस्तकाच्या उल्लेखनीयतेसाठी, म्हणजे त्यावर स्वतंत्र लेख असावा का हे ठरवण्यासाठी, इंग्रजी विकिपीडियाचा मुख्य निकष सरळ आहे: लेखक-प्रकाशकाशी संबंध नसलेल्या किमान दोन ठिकाणी सविस्तर लेखन हवं. मलपृष्ठावरचा मजकूर, प्रसिद्धिपत्रक, लेखकाचं संकेतस्थळ चालत नाही. मोठा पुरस्कार किंवा पुस्तकावर निघालेला उल्लेखनीय चित्रपट हे पर्यायी मार्ग.

‘लेफ्ट बिहाइंड’ या १६ ख्रिस्ती कादंबऱ्यांच्या मालेला (१९९५–२००७) हा निकष चोख बसतो. २००० आणि २०१४ साली चित्रपट निघाले, धर्म-अभ्यासकांनीही तिच्यावर लिहिलं. खपाचा आकडा मात्र एकटा पुरेसा नाही, आणि हे योग्यच.

अडचण छोट्या मालांची. त्यांची परीक्षणं बहुधा ख्रिस्ती नियतकालिकांतच येतात. ती धार्मिक आहेत म्हणून बाद करणं चूक. प्रकाशकापासून स्वतंत्र आहेत का, एवढंच तपासावं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक भागावर वेगळा लेख. परीक्षणं दोन-तीन भागांचीच असतील तर संपूर्ण मालेवर एकच लेख करावा, बाकीची शीर्षकं तिकडे वळवावीत. एखादा लेख वगळायचा का, याची विकिपीडियावरची चर्चा साधारण सात दिवस चालते. छापील परीक्षणं शोधायला ही मुदत फारच तोकडी आहे. जुन्या मालांवर त्यामुळे अन्याय होतो.