लातूरचा रशियन क्लास: शब्दांसाठी लावा, व्याकरणाचं तुमचं तुम्ही बघा

एमबीबीएसला रशियाला जायलेल्या लेकरांसाठी लातुरात रशियनचे क्लास चालतात, त्यातला एक आमच्या पोरीला लावला, ॲडमिशन कझानला झालंय, पालक बसले तरी चालतंय म्हणाले म्हणून मीपण मागच्या बाकावर बसायलो.

सरांची शब्द शिकवायची पद्धत एक नंबर. रशियनमध्ये तुर्की गटातल्या भाषांचे ढिगानं शब्द आहेत, 13व्या शतकापासून व्होल्गा नदीकाठी गोल्डन होर्डचं, म्हंजे मंगोलांनी उभारलेलं राज्य होतं, वसुली त्यांची, व्यापारातबी दबदबा त्यांचाच, मग शब्द येणारच की. त्यातले बरेच मुळात फारसी-अरबी, अन् तेच शब्द आपल्याकडं दख्खनच्या सुलतानांपासून निजामापर्यंत मुरलेले. त्यामुळं बाजार, संदूक हे पाठ करायची गरजच नाही, नुसता उच्चार थोडा वाकवायचा.

पण 'अर्बूस' जपून. फारसीतलं खरबुजा तुर्की गटातल्या भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडून रशियनमध्ये गेलं अन् तिथं झालं टरबूज! (पुण्याकडच्यांनी कलिंगड वाचावं.) युक्रेनियनमध्ये तर 'हर्बूझ' म्हणजे चक्क भोपळा. 'सराय'चं त्याहून वाईट झालं, फारसीत महाल, होर्डच्या राजधानीचं नावच सराय, अन् रशियनमध्ये अडगळ ठेवायचं खोपट, आपल्या सराईत निदान मुक्काम तरी करता येतो. मग सरांनी हातातली शिसपेन्सिल वर धरून विचारलं हे काय, 'करंदाश', कारा म्हणजे काळा अन् दाश म्हणजे दगड, ते पोरीच्या डोक्यात असं बसलंय की घरी पण पेन्सिलला करंदाशच म्हणायलीय. पैशाला 'देंगी', कझाकस्तानात 1993 पासून चालणारा टेंगे त्याचाच भाऊबंद.

आता खटकलेलं. छापील नोट्समध्ये हे सगळे शब्द 'तुर्कस्तानातून आलेले' लिहिलंय, ते चूक आहे, तुर्की गट म्हंजे नुसतं तुर्कस्तान नव्हं, बहुतेक शब्द गवताळ मैदानातल्या, त्याच गटातल्या भाषा बोलणाऱ्या किपचाक, तातार लोकांकडून आलेत, अन् कझान तर रशियातल्याच तातारस्तानची राजधानी, तिथं जाणाऱ्या लेकरांना एवढं तरी नीट सांगा ना. अन् सहा विभक्त्या शेवटच्या आठवड्यात अशा उरकल्या की कुणाला काहीच कळलं नाही.

फी जरा जास्तच वाटली, पाचपैकी साडेतीन देतो. सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी एका बाकावर चौघं बसवतात अन् लाईट गेली की इन्व्हर्टरवर एकच पंखा चालतो.