जळगावातील एका बहुमजली दुकानाचे परीक्षण: माल चांगला, सुरक्षाव्यवस्था बेकायदा

जळगाव शहरातील या दुकानात किराणा, कपडे, भांडी आणि शाळेचे साहित्य एकाच छताखाली मिळते, आणि मालाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. डाळी निवडलेल्या असतात, वह्यांचा कागद चांगला असतो, भाव फुले मार्केटच्या तुलनेत फारसे चढे नसतात आणि सणासुदीच्या गर्दीतही बिलाची रांग झपाट्याने सरकते. आमच्या घरचा महिन्याचा किराणा येथूनच येत असे. असे असूनही मी या दुकानाला पाचपैकी एकच तारा देत आहे, कारण अल्पवयीन ग्राहकांशी येथील सुरक्षारक्षक ज्या पद्धतीने वागतात ती कायद्याला धरून नाही आणि ती व्यवस्थापनाच्या संमतीने चालते. दुकानाला दिलेल्या लेखी अर्जाचे उत्तर येईपर्यंत त्याचे नाव मी येथे लिहीत नाही.

माझा भाचा पंधरा वर्षांचा असून दहावीत शिकतो आणि शिकवणीसाठी पाचोऱ्याहून रेल्वेने जळगावला येतो. वह्या घेण्यासाठी तो या दुकानात गेला, तेव्हा दप्तरे ठेवून टोकन देण्याचा काउंटर बंद होता, म्हणून दारावरच्या रक्षकाने त्याला पाठीवरच्या दप्तरासह आत सोडले. बाहेर पडताना मात्र ते दप्तर उघडायला लावण्यात आले आणि त्यात बॉडी स्प्रेचा एक डबा निघाला, ज्याचे बिल अर्थातच त्याच्याजवळ नव्हते. त्यानंतर त्याला लिफ्टच्या मागील बाजूच्या खोलीत नेण्यात आले, मोबाइल काढून घेण्यात आला आणि बाहेरून कडी लावण्यात आली. ‘मी चोरी केली आहे’ असे त्याच्याकडून कागदावर लिहून घेतले, सही घेतली, डबा हातात धरायला लावून फोटो काढला आणि किमतीच्या दहापट रक्कम भर, नाहीतर पोलीस येतील, असे बजावण्यात आले. तासाभराहून अधिक काळाने त्याला फोन करू दिला, तोपर्यंत त्याची परतीची गाडी निघून गेली होती आणि तिकडे पाचोऱ्यात माझ्या बहिणीचा जीव टांगणीला लागला होता.

मी पोहोचलो तेव्हा तो डबा टेबलावरच ठेवलेला होता. हातात घेताच तो जवळजवळ रिकामा असल्याचे कळत होते, नोझलभोवती वाळलेला पांढरा थर होता आणि टोपणाला चीर गेलेली होती. तेवढे पाहण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती. माझ्या आग्रहावरून कॅमेऱ्याचे चित्रण तपासले, तेव्हा मुलगा प्रसाधनांच्या मजल्यावर गेलाच नव्हता हे काही मिनिटांत स्पष्ट झाले. व्यवस्थापकांनी तोंडी दिलगिरी व्यक्त केली आणि विषय संपला असे गृहीत धरले. माझ्या दृष्टीने विषय तेथेच सुरू होतो, कारण त्याने तो डबा खरोखर उचलला असता, तरीही त्या खोलीत जे घडले त्यातील बहुतेक सर्व बेकायदाच ठरले असते. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून ते का बेकायदा आहे हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

खाजगी सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, 2005 हा कायदा एजन्सीचा परवाना, रक्षकाचे किमान 18 वर्षे वय, पूर्वचारित्र्याची पडताळणी, प्रशिक्षण आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र यांविषयी बोलतो. अटकेचा किंवा झडतीचा वेगळा अधिकार तो रक्षकाला देत नाही. उलट पोलीस किंवा सैन्यदलासारखा दिसणारा गणवेश वापरणे या कायद्याच्या कलम 21 नुसार शिक्षेस पात्र आहे, आणि या दुकानातील रक्षकांचा खाकी, खांद्यावर पट्ट्या असलेला पोशाख पाहता व्यवस्थापनाने हे कलम एकदा वाचलेच पाहिजे. दप्तर तपासणे हे ग्राहकाच्या संमतीवर अवलंबून असते. ग्राहकाने नकार दिला तर रक्षक पोलिसांना बोलावू शकतो, पण बळाने दप्तर ओढून घेऊ शकत नाही किंवा खिशात हात घालू शकत नाही.

मग रक्षक कोणाला पकडूच शकत नाही का, असा प्रश्न व्यवस्थापकांनी मला विचारला, आणि तो रास्त आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार कोणतीही खाजगी व्यक्ती एखाद्याला पकडू शकते, परंतु त्याने तिच्या समक्ष दखलपात्र (पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा केलेला असला पाहिजे, किंवा तो उद्घोषित, म्हणजे न्यायालयाने फरार जाहीर केलेला, गुन्हेगार असला पाहिजे. अशा व्यक्तीला विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. सुरक्षारक्षकाचा अधिकार तुमच्या-माझ्या अधिकाराइतकाच आहे, त्याहून तसूभरही अधिक नाही. ‘समक्ष’ या अटीत केवळ संशय बसत नाही, आणि बिल नसणे म्हणजे चोरी डोळ्यांनी पाहणे नव्हे. सहा तासांची मर्यादाही पोलिसांच्या स्वाधीन करण्यासाठी आहे. तेवढा वेळ मुलाला खोलीत बसवून कबुली काढण्याची ती मुभा नाही.

यापुढचा मुद्दा दुकानदारांना बहुधा ठाऊक नसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, आणि वर सांगितलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र म्हणून नोंदवला आहे. म्हणजे दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी कलम 40 चा आधार मुळातच डळमळीत होतो. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीसाठी कलम 305 आहे, त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, आणि दुकान त्या कलमाकडे बोट दाखवू शकते हे मी मान्य करतो; पण तेथेही समक्ष घडलेल्या कृत्याची अट सुटत नाही.

मुलगा 18 वर्षांखालील असेल, तर या सर्वांच्या वर बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 येतो. खुद्द पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या बालकालाही तत्काळ विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हाती सोपवावे लागते, प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही. पालकांना कळवणे बंधनकारक आहे. 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार बालकाला बेड्या घालता येत नाहीत आणि त्याच्याकडून कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही. जे पोलिसांनाही करता येत नाही, ते कंत्राटी रक्षकाने लिफ्टमागच्या खोलीत करावे, याचे समर्थन कोणत्या तोंडाने करणार?

त्या कबुलीच्या कागदाला आणि दहापट दंडाच्या मागणीला कायद्यात काडीचीही किंमत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि 1903 च्या मोहरी बीबी प्रकरणापासून अज्ञानाचा करार आरंभापासूनच शून्य मानला जातो. पोलिसांची भीती घालून पैसे उकळणे खंडणीच्या व्याख्येत जाऊ शकते, याची जाणीव दुकानाने ठेवावी. कारणाशिवाय वाट अडवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 नुसार, तर डांबून ठेवणे कलम 127 नुसार गुन्हा आहे, आणि दुसऱ्यासाठी एक वर्षापर्यंतचा कारावास, 5,000 रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ज्या रक्षकाने कडी लावली, तो चाळिशीचा गृहस्थ होता आणि मान खाली घालून उभा होता. “भाऊ, साहेब जे सांगतस तेच आमले करनं पडस,” एवढेच तो अहिराणीत बोलला, आणि त्याच्यावर माझा राग राहिला नाही. रक्षकाला नेमण्यापूर्वी द्यावयाच्या प्रशिक्षणासाठी खाजगी सुरक्षा एजन्सींच्या केंद्रीय आदर्श नियमांत 100 तासांचे वर्ग आणि 60 तासांचा प्रत्यक्ष सराव सांगितलेला आहे. असे प्रशिक्षण झाले का, असे विचारल्यावर त्याने शिटी, दोरी आणि वही मिळाल्याचे सांगितले. ती वही मी चाळून पाहिली. तीत पकडलेल्यांची नावे, गाव, शाळा आणि ‘वसूल’ असा एक रकाना होता, आणि कित्येक नावांपुढे वय पंधराच्याही खाली लिहिलेले होते. पालकांना कळवल्याची नोंद करण्यासाठी रकानाच नव्हता.

चोरीमुळे दुकानाचे नुकसान होते हे मला मान्य आहे, आणि ते रोखण्याचे कायदेशीर मार्ग सोपे आहेत: दप्तरांचा काउंटर कायम उघडा ठेवणे, संशय आल्यास आधी चित्रण पाहणे, मुलाला काउंटरजवळ सर्वांसमक्ष पण सन्मानाने थांबण्याची विनंती करणे, मुलगी असेल तर महिला कर्मचारी सोबत ठेवणे, लगेच पालकांना आणि गरज असल्यास 112 वर पोलिसांना फोन करणे. पालकांनीही मुलांना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. कोणत्याही कागदावर सही करायची नाही, आणि बंद खोलीत जाण्याऐवजी ‘माझ्या घरी फोन लावा’ असे मोठ्या आवाजात म्हणायचे. मुलांसाठीचा 1098 हा मदत क्रमांकही त्यांना पाठ असावा.

दुकानाला दिलेल्या अर्जात मी चार मागण्या केल्या आहेत: भाच्याचा फोटो सर्व मोबाइलमधून व गटांतून काढून टाकल्याची लेखी हमी, कबुलीचा मूळ कागद परत, त्या वहीतील सर्व अल्पवयीन मुलांकडून वसूल केलेल्या रकमा पालकांना परत, आणि सुरक्षा एजन्सीच्या परवान्याची प्रत. कागद त्याच दिवशी मिळाला. उरलेल्या तीन मागण्यांवर अर्जाच्या पोचेपलीकडे काहीही आलेले नाही. उत्तर आले की ते मी येथेच जोडीन आणि त्यानुसार तारेही बदलीन. तोपर्यंत किराणा अवश्य घ्या, पण मुलांना तेथे एकटे पाठवू नका.