१,३१५ पौंडांचे दोन रिकामे डबे

एक्झॉस्टच्या नळीला सेन्सरचं भोकच नव्हतं!

दोन महिने हे एकच वाक्य डोक्यात घुमतंय. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, गाडी लिफ्टवर असताना खाली उभा राहून गॅरेजवाल्याचा चहा पीत होतो.

गाडी १९८७ची अल्फा रोमिओ स्पायडर. राहतो लंडनच्या हॅरोत. २९ ऑगस्ट २०२३ला यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून दिवसाचे पैसे घेणारा पट्टा, आमच्या दारापर्यंत आला, तेव्हापासून रविवारी गाडी बाहेर काढली की साडेबारा पौंड. पेट्रोल गाडीला युरो ४ हे प्रदूषणाचं मानक हवं, आणि माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची. गणपतीच्या जेवणात एकाने एका गॅरेजचा नंबर दिला. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतो, कागदपत्रं आमच्याकडे, दादा, यूलेझ विसरा.’ दोन कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारे डबे, ७२० पौंड, मजुरी २४०, ‘सर्टिफिकेट आणि नोंदणी’ ३५५. कार्डाने दिले तर वर व्हॅट, ट्रान्सफर केले तर नाही. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मी अगदीच बावळट नाही. जागा खरी होती, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, शेजारी एक जुनी जॅग्वार उघडून ठेवलेली. आपला माणूस, आपली भाषा. तुम्हीही फसला असता.

पण ते भोक! थ्री-वे कन्व्हर्टर नीट चालावा म्हणून इंजिनात जाणाऱ्या हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ला १ च्या आसपास धरून ठेवावं लागतं. ते धरतो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचं ऐकणारा, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनचा कॉम्प्युटर. माझ्या गाडीत आहेत दोन कार्ब्युरेटर. ते कोणाचं ऐकणार? त्याने इंजेक्शन की कार्ब्युरेटर एवढंही विचारलं नव्हतं. मीच विचारलं, सेन्सर कुठे बसतो? ‘जुन्या गाडीला लागत नाही, दादा.’ आणि मी मान डोलावली. डोलावली! डबे चकचकीत होते आणि मला ते खरं हवं होतं, बाकी काही कारण नाही.

मग त्याने त्याच्या फोनवर यूलेझच्या यादीत माझ्या गाडीचा नंबर आणि पुढे हिरवी खूण दाखवली. घरी बायको म्हणाली, ‘तू स्वतः नंबर टाकून बघितलास?’ मी म्हणालो, त्याने दाखवलं ना. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. टाका. स्वतःच्या फोनवर टाका.

सर्टिफिकेट डॅशबोर्डच्या खणात ठेवून मी चार रविवार ऐटीत फिरलो. मग पत्रं आली. प्रत्येकी १८० पौंड दंड, चौदा दिवसांत भरला तर ९०. भरले ३६०.

एमओटीवाल्याने, म्हणजे गाडीची वार्षिक सरकारी तपासणी करणाऱ्याने, डब्यावर स्क्रूड्रायव्हर वाजवला. टण्ण. कापून टॉर्च मारला तर आरपार उजेड. वरच्या, न दिसणाऱ्या बाजूला वेल्डिंगची रेघ. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असलेलं जाळं कोणीतरी आधीच काढून विकलेलं. वर तो म्हणतो, या वयाच्या गाडीला एमओटीत कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो, कन्व्हर्टर लागतच नाही. आणि यूलेझवाल्यांना डबा नको असतो, नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा हवा असतो, किलोमीटरला ०.०८ ग्रॅमच्या आत, तोही कागदोपत्री सिद्ध केलेला.

बँकेला फोन केला, चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. ‘वस्तू मिळाली ना? मग हा तुमचा आपसातला वाद.’ पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरला, एक लांबलचक क्रमांक मिळाला आणि नंतर ‘तपास होणार नाही’ अशी ईमेल. ग्राहक हेल्पलाइन म्हणाली, गॅरेजला पत्र लिहा. गॅरेज कुठाय? शटरवर आता टायरवाल्याचा बोर्ड आहे! कौन्सिलमधल्या बाई म्हणाल्या, आम्ही माहिती ‘नोंदवून ठेवतो’. कशासाठी? पुढचा गाढव आला की मोजायला? दंडासकट दावा लावायचा तर छोट्या दाव्यांच्या कोर्टाची फी ११५ पौंड आणि आधी त्याचा पत्ता द्या. पत्ता असता तर मी तुमच्याकडे आलो असतो का? दंड वसूल करणाऱ्यांना मात्र माझा पत्ता पहिल्या दिवसापासून तोंडपाठ.

क्रेडिट कार्डानेच द्या. शंभर पौंडांच्या वरच्या खरेदीला १९७४च्या कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार असते. व्हॅट वाचतोय म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. डबा बसवण्याआधी हातात घ्या, उजेडासमोर धरा.

गाडी आता कव्हरखाली आहे. चाळिशी पार केलेल्या गाडीची ऐतिहासिक म्हणून नोंद झाली की यूलेझ माफ. माझी पात्र होईल २०२८ मध्ये, तारीख १ एप्रिल.