नोकरी सांभाळून एम.कॉम.: चौदा महिन्यांनंतरचा हिशोब

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कंपनीत ध्यानीमनी नसताना नोटीस लागली, की पदवीधरांनी मास्टर्स केलं तर फी कंपनी देईल. नोटीस वाचून लगेच फॉर्म भरू नका. आधी एचआरकडून लेखी घ्या: फी आधी मिळणार की पास झाल्यावर, एखादा पेपर राहिला तर काय, पावती कोणत्या आर्थिक वर्षातली चालेल आणि बॉण्ड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, कधीपासून मोजणार. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महागात पडतो. ‘डिग्री मिळाल्यापासून दोन वर्षं’ असं लिहिलेलं असेल आणि डिग्रीलाच चार वर्षं लागली, तर सहा वर्षं अडकलात. फी मिळाल्याच्या तारखेपासून मोजा म्हणावं. विचारायला काय जातं?

शिफ्टवाल्याला रोज कॉलेजात बसणं जमत नाही, म्हणून आम्ही इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, धरलं. मराठीत पेपर लिहायची हौस असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आठवतं, पण दूरशिक्षणासाठी राज्य विद्यापीठाचं क्षेत्र त्या राज्यापुरतंच असतं, त्यामुळे इंदूरात त्यांचं केंद्र मिळत नाही. इथे हिंदी किंवा इंग्रजी. हिंदी निवडलीत तरी पुस्तकातले शब्द आणि ऑफिसात रोज बोलतो ते शब्द वेगळे. ‘डेप्रिसिएशन’चं ‘मूल्यह्रास’ व्हायला महिनाभर लागतो.

आता तासांचं गणित. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एम.कॉम.च्या ८० क्रेडिटचे २४०० तास झाले, दोन वर्षांत वाटले तर आठवड्याला २३. नोकरीत १०-१२ तास निघाले तरी पुष्कळ. म्हणूनच किमान दोन आणि कमाल चार वर्षांची मुदत आहे, ती वापरायला लाजू नये. शिफ्टच्या बसमध्ये एक युनिट वाचून होतं. लिहिणं मात्र होत नाही, वाटेतल्या राऊच्या पुढे हात स्थिर राहिला तर शपथ.

आणि लिहिणंच जास्त आहे. असाइनमेंट हातानेच लिहायच्या. निकालात त्यांचा वाटा ३० टक्के, परीक्षेचा ७०, आणि पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे ४० टक्के लागतात. एका विषयाला चार-पाच तास धरा. प्रत्येक विषयाची वेगळी फाईल करा. पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर, विषयाचा कोड, अभ्यासकेंद्राचा कोड आणि सत्र लिहा. सगळ्यात जास्त घात सत्राचा होतो. मित्राकडून आलेली प्रश्नपत्रिका मागच्या वर्षाची निघते आणि वीस पानं फुकट जातात. प्रश्नपत्रिकेच्या वरच कोणत्या सत्रासाठी चालेल ते छापलेलं असतं, ते आधी वाचा. जमा करण्यापूर्वी सगळ्या पानांचे फोटो काढा आणि पावती जपून ठेवा. मार्क ऑनलाइन चढले नाहीत तर दाखवायला तेवढाच पुरावा.

अकाउंट्सवाल्यांची खरी कोंडी कॅलेंडरमुळे होते. जूनच्या परीक्षेच्या असाइनमेंट मार्च-एप्रिलमध्ये द्यायच्या, म्हणजे नेमक्या इयर-एंडिंगला. डिसेंबरच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळीची साफसफाई यांच्या मधे. मुदत अनेकदा वाढते, पण त्या भरवशावर राहू नका. जानेवारीत दोन विषय लिहून ठेवले की मार्च सोपा जातो. बाकी अभ्यास कसाही होवो, एवढं पाळाच.

दुसऱ्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं. पहिल्या वर्षाचा निकाल न येवो, पेपर राहिलेले असोत, फॉर्म तरी भरायचाच. ‘रिझल्ट आल्यावर पाहू’ म्हणणाऱ्यांचं सत्र जातं. प्रवेशाच्या वेळी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आणि डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) लागतात. आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, एका कागदावर ते असतं, दुसऱ्यावर गायब. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांना तर याचा दुप्पट त्रास.

परीक्षा सकाळी किंवा दुपारी. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून सकाळच्या पेपरला जाऊ नका. तीन तास सलग लिहायचं असतं. संभाव्य वेळापत्रक आलं की सुपरवायझरला त्याची प्रत देऊन शिफ्ट बदलून घ्या. विषय निवडतानाही जुनी वेळापत्रकं पाहा, कधीकधी दोन ऐच्छिक विषयांचे पेपर एकाच दिवशी एकाच वेळी येतात.

‘पत्राने केलेली डिग्री’ म्हणून इंदूरात राजवाड्यापासून पलासियापर्यंत कुणीतरी नाक मुरडतंच. यूजीसीच्या २०२०च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. पण इंजिनीअरिंग दूरशिक्षणाने होत नाही, तेव्हा प्रॉडक्शनवाल्यांनी एम.टेक.साठी या नोटिशीकडे पाहू नये.